गुडघ्याला पाणी, गुडघाभर पाणी

मी बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, काठावर कुणी नाही. धक्क्यापासून तीस हात आत, पाण्यात जो काळा लाकडी खांब उभा आहे ना, तो मी. माझ्या डोक्यावर बहुतेक वेळ एखादा बगळा बसलेला असतो आणि लोक त्याच्याकडेच बघतात. बगळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो जी घाण करतो ती निदान उघडपणे करतो.

मी उभा आहे ते पाणी म्हणजे समुद्राला खेटून असलेलं एक खारं तळं. पलीकडे समुद्र, मध्ये वाळूचा लांबलचक पट्टा आणि अलीकडे आम्ही. त्या पट्ट्यात एका जागी वाट आहे, तिला इथले लोक तळ्याचं तोंड म्हणतात. तिथूनच समुद्र आत येतो आणि तिथूनच बाहेर जातो. मासळी अंडी घालायला आत येते, कारण इथे लाटांची दांडगाई नाही. पिल्लं मोठी झाली की आपली आपण परत समुद्रात निघून जातात. काठावर साठ-सत्तर घरं आहेत. मासे, कोळंबी, खेकडे, शिंपले, जे काही पोटात जातं ते याच पाण्यातून निघतं.

मला घडवलं इथल्या होडीसुताराने. त्याआधी मी झाड होतो म्हणे, पण ते दिवस मला आठवत नाहीत आणि आठवून करायचंय तरी काय. वीस हात लांबीचं खोड त्याने महिनाभर तासलं, वर तीनदा डांबर चढवलं, आणि आठ माणसांनी मिळून मला तळ्याच्या तळात पाच हात खोल रोवलं. उरलेला पंधरा हात मी तेव्हापासून असाच ताठ उभा आहे.

सुतार मोठा गमत्या माणूस होता. मला रोवायच्या आधी त्याने माझ्यावर तीन खाचा पाडल्या आणि सगळ्यांना सांगितलं, "हा तळ्यातला माणूस. आपल्या चौपट उंच. ही खालची खाच म्हणजे याचा घोटा, ही मधली गुडघा, ही वरची कंबर." लोक हसले, पण नावं चिकटली ती चिकटलीच. माझा घोटा तळापासून एक हात वर आहे. गुडघा चार हातांवर. म्हणजे पाणी माझ्या गुडघ्याला असतं तेव्हा तुमच्यासारखा धट्टाकट्टा माणूस त्यात उभाच्या उभा बुडतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथेच झाला.

या तीन खाचांवर गाव चालायचं. पाणी घोट्याला उतरलं की कुणी जाळं टाकायचं नाही, कारण उरलेल्या थोड्या पाण्यात पिल्लं दाटीवाटीने असतात. गुडघ्याला असलं की ज्याने त्याने आपापली होडी काढावी. आणि कंबरेला चढलं की हातातलं काम टाकून सगळ्यांनी फावडी घेऊन वाळूच्या पट्ट्यावर पळायचं. तोंड वाळूने बुजलेलं असतं, ते खणून मोकळं करायचं, नाहीतर पाणी घरात शिरतं. यावर वाद नाही, बैठक नाही. खांबाने सांगितलं की झालं.

खांबाने सांगितलं असं म्हणतात, पण सांगायची ती. सुतार गेल्यावर हे काम त्याच्या सुनेकडे आलं. तिचं नावच मापवाली पडलं. शेजारीपाजारी तिला काकू म्हणतात. पाणी भरती-ओहोटीच्या मध्ये थबकतं तेव्हा ती छोटी होडी घेऊन माझ्यापाशी यायची, ओल्या रेघेवर तळहात टेकवायची आणि तिथूनच हाळी द्यायची, "गुडघाऽ!" की धक्क्यावर जाळी उचलली जायची. चोवीस वर्षांत एकदाही कुणी उठून खात्री करायला आलं नाही. तिने सांगितलं म्हणजे सांगितलं. मला त्याचा अभिमान होता. आता म्हणायला लाज वाटते, पण होता.

तिला मूलबाळ नाही. तिच्या भावाची बायको लवकर गेली, भाऊ जहाजावर नोकरीला लागला, त्यामुळे भाच्याला हिनेच वाढवलं. पाटी-पेन्सिल सुटत नसे म्हणून सगळे त्याला कागद्या म्हणत. तो पोहायला शिकला तो मलाच धरून. माझ्या गुडघ्याच्या खाचेत बोटं रुतवून लोंबकळायचा, पाय खाली सोडून तळ शोधायचा, आणि तळ लागत नाही म्हणून बोंब मारायचा. पुढे तो शिकला, शहरात गेला, कचेरीत कारकून झाला. "कचेरीत आपला माणूस आहे," असं इथला माणूस न माणूस सांगायचा. मीही बगळ्याला सांगितलं असेल.

मग एके वर्षी कळलं की सरकारी यादी होणार आहे. समुद्रालगतच्या ज्या तळ्यांचं नाव यादीत लागेल ती कुणाला बुजवता येणार नाहीत, त्यांचं तोंड बंद करता येणार नाही. अट एकच, तळ्यात दोन हातांहून जास्त पाणी पाहिजे. लोकांना आनंद झाला. दोन हात म्हणजे काय, आमच्याकडे त्याच्या दुप्पट होतं! मोजणीला साहेब आले आणि त्यांच्याबरोबर कागदपत्र घेऊन आपला कागद्या. मापवालीने त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती. माझ्यावरचे शिंपलेसुद्धा तिने आदल्या दिवशी खरवडून काढले होते.

साहेबांनी होडीत एक पाय ठेवला. होडी जराशी हलली. साहेबांनी पाय काढून घेतला.

"लाकडाची आहे साहेब, चावत नाही," तांडेल म्हणाला. तांडेल म्हणजे इथल्या होडीवाल्यांचा म्होरक्या, जिभेला हाड नसलेला माणूस.

"नको, नको. इथूनच विचारून घेऊ. त्या खांबावर माप असतं ना?" असं म्हणून साहेबांनी छत्री उघडली.

मापवाली माझ्यापाशीच होती. कागद्याने दोन्ही हात तोंडाशी धरले. "आत्याऽ! पाणी किती आहे?"

तिने तळहात टेकवला आणि नेहमीपेक्षा जोरात हाळी दिली, "गुडघ्यालाऽ!"

"काय म्हणाल्या त्या?" साहेबांनी विचारलं.

पाण्यावरून आवाज लांबवर येतो, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. कागद्याने पेन उचललं. माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्या त्या खाचेकडेच पाहिलं, आणि म्हणाला, "गुडघाभर, साहेब."

"एवढंच? मग तळं कसलं, डबकंच म्हणा की."

"हो साहेब."

गुडघ्याला आणि गुडघाभर! म्हटलं तर एवढासा फरक. पण एकात माझा गुडघा आहे आणि दुसऱ्यात साहेबांचा. धक्क्यावर पंधरावीस माणसं उभी होती, त्यांनीही ते ऐकलं असणार. पण त्यांच्या कानांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. त्यांच्या लेखी जगात गुडघा एकच, तो माझा. साहेबांना समोर होड्या दिसत होत्या, मी दिसत होतो, तरी गुडघाभर पाण्यात होडी कशाला लागते हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांना जेवायला पोचायचं होतं. त्यांचं मी एक वेळ सोडून देईन. ते परके होते.

दोन महिन्यांनी यादी आली. शाळेतल्या बाईंनी ती धक्क्यावरच्या शेडमध्ये मोठ्याने वाचली: पाण्याची खोली गुडघाभर, तळे संरक्षणास पात्र नाही. आधी सगळे हसले. मग तांडेलाचं हसू थांबलं आणि तो म्हणाला, "अरे, यांनी माणसाचा गुडघा धरला की काय?" साहेबांचा ऐकण्यात घोटाळा झाला, असंच सगळ्यांना वाटलं. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं.

तीस दिवसांत हरकत घेता येत होती. बाईंनी अर्ज लिहिला, घराघरांतून सह्या आणि अंगठे झाले. रविवारी कागद्या आला. मापवालीने अर्ज त्याच्या हातात दिला. "साहेबांना सांग, एकदा या आणि स्वतः खांबाला हात लावून बघा म्हणावं."

"सांगतो ना आत्या. तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना."

तो आहे म्हणून सगळे निर्धास्त राहिले. तीस दिवस गेले, चाळीस गेले, आणि एका सकाळी पलीकडच्या काठावर मातीचे ट्रक आले. तिथे भराव टाकून वसाहत होणार असं कळलं. मापवाली त्याच दिवशी बस धरून शहरात गेली.

ती परतली दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि धक्क्यावर न थांबता थेट होडी घेऊन माझ्यापाशी आली.

"खिडकीवरच्या बाईने तीनदा शोधलं," ती मला म्हणाली. बोलायला तिला दुसरं कुणी नव्हतं. "असा अर्ज आलाच नाही म्हणाली. मग हा जिन्यात भेटला. म्हणतो, आत्या, किती दिवस चिखलात काढणार? मला त्या भरावावर देखरेखीचं काम मिळतंय, तुला पक्क्या घरात नेतो, तुझ्यासाठीच केलं सगळं. माझ्यासाठी म्हणे!" तिने वल्हं उचलून मला एक सणसणीत फटका मारला. मलाच का, हे मी विचारलं नाही. ज्याला मारायला हवं होतं त्याच्यावर तिचा हात उचलला जात नव्हता.

ती धक्क्याकडे वळली. सगळे वाट बघत होते. आता ही सांगणार, मला वाटलं, आता त्याची खैर नाही. चोवीस वर्षं या बाईने कधी बोटभर कमी सांगितलं नाही की बोटभर जास्त.

ती म्हणाली, "अर्ज फेटाळला."

कागद्याने केलं ते मी कसंबसं गिळलंही असतं. पोर शहरात गेलं, बिघडलं, असं म्हणून समजूत घातली असती. पण तिने? माझ्यावर टेकलेला हात घेऊन ती गेली आणि लोकांना खोटं सांगितलं. लोकांनी मान डोलावली, कारण तिने सांगितलं होतं ना. मी पाण्यात उभा राहून ऐकत राहिलो. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी गावभर बोंब ठोकली असती.

पुढच्या वादळात पाणी कंबरेला चढायच्या आतच माणसं फावडी घेऊन पट्ट्यावर पळाली. तोंड मोकळं केलं. पण तळ्याचा तिसरा हिस्सा एव्हाना मातीखाली गेला होता, पाण्याने पसरायचं कुठे? ते घरांत शिरलं. तांडेलाच्या घरात मांडीपर्यंत होतं. त्याची तीन जाळी आणि बायकोचं शिवणयंत्र गेलं. मापवाली स्वतःचं घर तसंच टाकून बादली घेऊन त्याच्याकडे धावली आणि दिवस मावळेपर्यंत त्यांच्याकडचं पाणी उपसत राहिली. तांडेलाची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, काकू होत्या म्हणून निभावलं.

भराव पुढे सरकत होता. त्या काठाजवळ पाणी उथळच आहे, तोवर सगळं सुरळीत चाललं. मधल्या भागात आल्यावर मात्र गंमत झाली. ट्रकमागून ट्रक माती पडायची आणि दिसेनाशी व्हायची. ठेकेदाराने हिशेब गुडघाभर पाण्याचा धरला होता. त्याची माणसं डोकं खाजवत होती. शेवटी एक अख्खा ट्रक मागे घसरून पाण्यात गेला. चालक बिचारा खिडकीतून निघाला आणि पोहत आला. कुणाला इजा झाली नाही म्हणून सांगतो, मी मनापासून हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

दुसऱ्या सकाळी ठेकेदार कागद्याला घेऊन आमच्या धक्क्यावर हजर झाला. कागद्याच्या डोक्यावर पिवळी टोपी, पायात चकचकीत बूट. तांडेल आणि बाकीचे जाळी दुरुस्त करत बसले होते. मापवाली नुकतीच हाळी देऊन परतली होती, होडी बांधत होती.

"आत्या," कागद्या हळू आवाजात म्हणाला, "जरा नीट माप सांग ना. हातात सांग. मधे खरं पाणी किती आहे?"

तिने दोरीची गाठ पुरी मारली. मग म्हणाली, "तूच लिहिलंयस की. गुडघाभर."

"आत्या, लोकांसमोर कशाला उगाच..."

"गुडघाभरच आहे ना? मग उतर. घाबरतोस कशाला, फार तर गुडघे भिजतील."

तो धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पाऊल काही पुढे टाकलं नाही. जाळ्यांवरचे सगळे हात थांबले. तांडेल उठून उभा राहिला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला. "लिहिताना तुला ठाऊक होतं?"

कागद्याने टोपी काढून हातात घेतली. मापवालीच बोलली. "अर्ज फेटाळला नव्हता. याने दिलाच नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं."

तांडेलाने तिच्याकडे पाहिलं. "काकू, माझ्या घरात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही बादली घेऊन आला होतात. तेव्हाही माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली.

कुणी आरडाओरडा केला नाही. कुणी कागद्याच्या अंगावर धावून गेलं नाही. एकेकाने आपलं जाळं गुंडाळलं आणि जो तो घरी गेला. ठेकेदार तेवढा फोनवर ओरडत होता, आपल्याला चुकीचं माप देऊन फसवलं म्हणून.

आणि फसवला गेल्याची तक्रार त्याने केली तेव्हा कुठे काम थांबलं. सत्तर घरांच्या सह्या कुठल्या टेबलाच्या खणात पडून राहिल्या, देव जाणे, पण त्याच्या एका तक्रारीवर वरून हुकूम आला की तळ्याची पुन्हा मोजणी करा. कागद्या पुन्हा इकडे फिरकला नाही. माणसं पाठवून निरोप देतो म्हणे, आत्या, एकदा ये. ती जात नाही.

त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे आली, हात टेकवला, हाळी दिली. पाणी खरोखरच गुडघ्याला होतं. पण धक्क्यावर कुणी जाळं उचललं नाही. जरा वेळाने तांडेल स्वतः होडी वल्हवत आला, तिच्याकडे न बघता त्याने माझ्यावर हात ठेवला, आणि मगच मागे वळून इतरांना खूण केली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन होड्या आल्या. आता तर प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येतं आणि आपलं आपण माप बघून जातं. तांडेलाने बघितलेलंही दुसऱ्याला पुरत नाही. इतके हात मला आयुष्यात लागले नव्हते. गुडघ्याची खाच झिजून गुळगुळीत झाली आहे. त्यांचं चुकतंय असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? सगळ्यांचं आटोपलं की शेवटी ती येते. हात टेकवते, रेघ बघते आणि काही न बोलता परत जाते. मी अजून तिच्यावर रागावलेलो आहे. पण ती यायची थांबली तर मला चालणार नाही.

परवा नवीन साहेब येणार आहेत. काल शेडमध्ये त्यावरच चर्चा चालली होती की साहेबांना माप सांगायचं कुणी. मापवालीचं नाव कुणी घेतलं नाही. तांडेलाचं घेतलं, तर कुणीतरी म्हणालं, त्याचा मेव्हणा ट्रकवर आहे. बाईंचं घेतलं, तर त्या बाहेरगावच्या. शेवटी ठरलं की कुणीच काही सांगायचं नाही, साहेबांनी स्वतः होडीतून खांबापाशी यावं आणि पाण्यात उतरून बघावं.

तेव्हा साहेब, माझी आपल्याला विनंती एवढीच. जरूर या. मला घट्ट धरा, माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते नंतर ठरवा. छत्री आणि बूट धक्क्यावरच काढून ठेवा. आणि उतरताना जरा सांभाळून, कारण इथे पाणी तुमच्या डोक्यावरून जाईल.